दहा लिटरचं भांड्यांच्या लिक्विडचं किट: माल बरा, चिठ्ठी कच्ची

पुण्याची बोहरी आळी असो, मुंबईचं मस्जिद बंदर असो, नाहीतर तालुक्याच्या गावातलं एखादं केमिकलचं दुकान. ‘१० लिटर डिशवॉश किट’ नावाची पिशवी आता सगळीकडे मिळते. आत सात-आठ पुड्या-बाटल्या आणि झेरॉक्स केलेली एक चिठ्ठी. घरापुरतं करणारे घेतात, बचत गट घेतात, छोटी खानावळ चालवणारेही घेतात. नंतर येणाऱ्या तक्रारी दोनच: लिक्विड गढूळ झालं, नाहीतर पाण्यासारखं पातळ राहिलं. त्यावर दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं, ‘अजून थोडं मीठ टाका ताई, होईल घट्ट.’ किटमधला माल बहुतेक वेळा वाईट नसतो. हे उत्तर वाईट असतं, आणि चिठ्ठीतली ‘घट्ट होईपर्यंत मीठ घालावे’ ही ओळ त्याहून वाईट. निम्मी लिक्विडं तिथेच बिघडतात.

बाजारात किटचे तीन प्रकार दिसतात. दुकानांची नावं वेगळी, पण आतली रचना फिरून फिरून याच तीन साच्यांत बसते, म्हणून परीक्षण साच्यांचं केलं आहे.

पहिला प्रकार ॲसिड स्लरीचा. सगळ्यात स्वस्त, फेस भरपूर, आणि नवख्यासाठी सगळ्यात अडचणीचा. यात साधारण १ किलो ॲसिड स्लरी (साबणाचा दाट, आम्लधर्मी कच्चा माल), तिचं आम्ल मारायला १३० ग्रॅमच्या आसपास कॉस्टिकचे (सोडियम हायड्रॉक्साइडचे) पापुद्रे, थोडी एसएलईएस पेस्ट (सोडियम लॉरिल इथर सल्फेट, फेस करणारं साबणद्रव्य), युरिया, मीठ, रंग, वास. गोम कॉस्टिकच्या वजनात आहे. स्लरी दोन जातींची येते. ९६ टक्क्यांच्या स्लरीत मोकळं सल्फ्युरिक ॲसिड टक्का-दीड टक्का असतं. तिच्या १ किलोला ९८ टक्के शुद्धतेचं साधारण १३० ग्रॅम कॉस्टिक पुरतं. ९० टक्केवाली स्वस्त स्लरी घेतली तर तिच्यात हेच ॲसिड ५ टक्क्यांच्या घरात असू शकतं, आणि मग १५५ ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक लागतं. स्लरीत काम करणारा अंश कमी, तरी कॉस्टिक जास्त. ऐकायला उलटं वाटतं, पण हिशोब मोकळ्या ॲसिडचा आहे. चिठ्ठी मात्र दोन्हींना एकच. दुकानदारानं त्या महिन्यात स्वस्त स्लरी भरली की किट २५ ग्रॅम कॉस्टिकनं तुटीत जातं आणि लिक्विड आंबट राहतं. आंबट लिक्विड भांडी धुतं, पण हाताची कातडी सोलतं, आणि पुढे घातलेली एसएलईएस आम्लात हळूहळू फुटते. पहिल्या आठवड्यात मधासारखं असलेलं लिक्विड दोन-तीन महिन्यांत पातळ का झालं, याचं एक उत्तर हे आहे.

कॉस्टिक उघड्या पुडीत राहिलं की हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून मऊ पडतं, त्याचा जोर कमी होतो. म्हणून वजनावर भिस्त ठेवण्यापेक्षा पीएच पट्टीवर, म्हणजे आंबट-खारटपणा मोजणाऱ्या कागदावर ठेवावी (७ म्हणजे मधोमध, त्याखाली आंबट). १ ते १४ रंगांची पट्टी लागते. लाल-निळा लिटमस इथे बिनकामाचा, तो ५ आणि ६.५ यांतला फरक सांगत नाही. बादलीत आधी ६ लिटर पाणी घ्यायचं, त्यातल्याच लिटरभर पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं सोडून विरघळवायचं आणि गार होऊ द्यायचं. कॉस्टिक पाण्यात घालतात, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतत नाहीत. ते उकळून अंगावर उडतं. हातमोजे आणि चष्मा लागतोच. बादली प्लॅस्टिकची किंवा स्टीलची. ॲल्युमिनियमचं पातेलं कॉस्टिकनं खाल्लं जातं आणि हायड्रोजन सुटतो. मग उरलेल्या पाण्यात स्लरी बारीक धारेनं घोळवायची आणि गार झालेलं कॉस्टिकचं पाणी त्यात ढवळत सोडायचं, पण सगळं एकदम नाही. शेवटचा वाडगाभर बाजूला ठेवायचा, पट्टी बुडवायची, आणि पीएच ७ ते ८ च्या मध्ये येईल तेवढंच घालायचं. पट्टी लावताना लिक्विडचा थेंब दहापट साध्या पाण्यात मिसळून बघितला तर रंग नीट कळतो, फेसात गोंधळ होत नाही.

काही चिठ्ठ्या कॉस्टिकऐवजी धुण्याचा सोडा सुचवतात. सुरक्षित आहे, हे खरं. पण त्यातून निघणाऱ्या वायूनं बादली फेसानं उतू जाते, आणि पाणी जड असेल तर सोड्यानं त्यातलं कॅल्शियम पांढऱ्या भुकटीच्या रूपात खाली बसतं. पारदर्शक लिक्विड हवं असेल तर हा रस्ता नको.

या किटचा दुसरा दोष नंतर कळतो. मोकळं ॲसिड आणि कॉस्टिक मिळून सोडियम सल्फेट तयार होतं. ५ टक्के मोकळं ॲसिड असलेल्या १ किलो स्लरीतून ते ७० ग्रॅमच्या वर निघतं. म्हणजे तुम्ही मिठाचा दाणाही घातला नाही तरी लिक्विडमध्ये एक क्षार आधीच बसलेला असतो. त्यावर चिठ्ठीतलं २०० ग्रॅम मीठ ओतलं की गढूळपणा ठरलेला. शिवाय स्लरीचं लिक्विड मिठानं एसएलईएससारखं घट्ट होतच नाही. ते थोडं जाड होतं आणि लगेच दुधाळ. फरशी, गाड्या, खानावळीची कढई-पातेली यांसाठी हे किट परवडतं. घराच्या ओट्यावर काचेच्या बाटलीत शोभेसाठी ठेवायचं लिक्विड यातून अपेक्षू नये.

दुसरा प्रकार एसएलईएस पेस्टचा, आणि आमच्या मते पैसे घालावेत ते यावर. १० लिटरमागे साधारण १ किलो ७० टक्क्यांची पेस्ट, ५०० ग्रॅम पातळ एओएस (अल्फा ओलेफिन सल्फोनेट, हेही साबणद्रव्य), ३०० ग्रॅम सीएपीबी (कोकामिडोप्रोपिल बीटेन, सौम्य साबणद्रव्य), १०० ग्रॅम सीडीईए (खोबरेल तेलापासूनचं, घट्ट करणारं द्रव्य), १० ग्रॅम ईडीटीए (जड पाण्यातलं कॅल्शियम बांधणारी पूड), मीठ, टिकवणारं रसायन, वास, रंग. हिशोब मांडला तर पेस्टमधून ७ टक्के, एओएसमधून पावणेदोन-दोन टक्के, सीएपीबीतून ०.९ टक्का आणि सीडीईएतून १ टक्का. मिळून १० टक्क्यांच्या थोडं वर काम करणारा माल. घरच्या भांड्यांना हे पुरेसं आहे. ॲसिड नाही, कॉस्टिक नाही, भाजण्याची भीती नाही. बिघडण्याच्या जागा तरीही चार आहेत.

पहिली जागा पेस्ट विरघळवण्याची. ७० टक्क्यांची पेस्ट पळीनं उचलता येते. तिच्यावर थोडं थोडं पाणी ओतत गेलात की ती पातळ होण्याऐवजी आधी आणखी घट्ट होते. ३० ते ६० टक्क्यांच्या पट्ट्यात एसएलईएसची चिवट जेली बनते, आणि त्या जेलीत पाणी शिरत नाही. मग रवीनं घोटत बसा, मिक्सर लावा, फेसाचा डोंगर होतो आणि खाली साबुदाण्यासारखे गोळे तसेच. करायचं उलट: ७ लिटर पाणी आधी, त्यात पेस्टचे लिंबाएवढे गोळे एकेक करून सोडायचे, लाकडी पळीनं तळापासून सावकाश हलवायचं, झाकण ठेवून रात्रभर सोडून द्यायचं. घाई असेल तर पाणी ४० अंश सेल्सिअसपर्यंत कोमट चालतं. सकाळी गोळे दिसत असतील तर अजून वेळ द्यायचा, मीठ नाही. मीठ घातल्यावर उरलेले गोळे विरघळायला फार जड जातात, आणि लोक त्यालाच ‘लिक्विड फाटलं’ म्हणतात.

इथेच एक फसवणूक ओळखून ठेवण्यासारखी. सुट्या पेस्टमध्ये कुणी पाणी मारलं, तर ती जेलीच्या पट्ट्यात जाऊन उलट जास्त घट्ट दिसते. ‘बघा किती घट्ट माल आहे’ हा दाखला म्हणून फोल. याउलट २८ टक्केवाली एसएलईएस मुळातच ओतता येईल अशी असते. तीच १ किलो किटमध्ये घातली तर ७०० ग्रॅमऐवजी २८० ग्रॅमच माल मिळतो, आणि ते लिक्विड मिठानं कधीही धड घट्ट होत नाही. छोटा काटा असेल तर ५ ग्रॅम पेस्ट स्टीलच्या वाटीत पातळ पसरून १०५-११० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-तीन तास वाळवावी. साडेतीन ग्रॅमच्या आसपास उरायला हवं. मिठाची भेसळ यात सापडत नाही, पाण्याची सापडते.

दुसरी जागा पाणी. बोअरचं पाणी जड असतं हे सगळ्यांना ठाऊक, पण किती जड आणि त्याला ईडीटीए किती, हे चिठ्ठीत कधी नसतं. १ ग्रॅम डायसोडियम ईडीटीए सुमारे २७० मिलिग्रॅम कडकपणा (पाण्याचा जडपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात) बांधतो. म्हणजे किटमधली १० ग्रॅमची पुडी १० लिटर पाण्यातला २७० पीपीएमपर्यंतचा (पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम) कडकपणा सांभाळते. नळाचं पाणी ८०-१०० पीपीएम असेल तर ती पुडी जास्तच झाली. बोअर ५०० पीपीएम असेल तर १८-१९ ग्रॅम लागतील आणि १० ग्रॅमची पुडी अर्ध्या वाटेत संपेल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, ६०० पीपीएमपर्यंत कडकपणा चालवून घेतला आहे. त्यामुळे ‘पिण्याचं पाणी वापरलं होतं’ हा काही बचाव होत नाही. फिशटँकच्या दुकानात कडकपणा मोजायच्या पट्ट्या मिळतात, त्या आणाव्यात, नाहीतर सरळ आरओचं पाणी घ्यावं. हातातला टीडीएस मीटर सगळे क्षार एकत्र मोजतो, म्हणून त्याचा आकडा कडकपणा समजू नये. ईडीटीए पाण्यात सगळ्यात आधी पडायला हवा आणि पूर्ण विरघळायला हवा. गढूळ झाल्यावर वरून टाकलेली पुडी तळाशी पडून राहते.

स्लरीच्या किटला जड पाण्याचा फटका सगळ्यात जास्त, कारण तिचं कॅल्शियमबरोबरचं मीठ पाण्यात विरघळत नाही. एसएलईएस आणि एओएस बरंच सोसतात. बोअरशिवाय पर्याय नसलेल्या घरानं पहिलं किट घेऊच नये.

तिसरी जागा मीठ, आणि इथे थोडं थांबायला हवं.

एसएलईएसच्या लिक्विडमध्ये मीठ घालत गेलं की घट्टपणा आधी वाढतो, एका उंचीवर जातो, आणि तिथून पुढे घसरतो. चढण आणि उतार दोन्ही आहेत. थोड्या मिठानं साबणाचे अतिसूक्ष्म गोल पुंजके लांबट होतात, शेवयांसारखे एकमेकांत गुंततात, म्हणून लिक्विड जड वाहतं. मीठ आणखी वाढलं की गुंता सुटतो, पातळपणा परत येतो, आणि शेवटी साबणच पाण्यातून वेगळा पडू लागतो, तो गढूळपणा. आता चिठ्ठीतली ओळ परत वाचा: घट्ट होईपर्यंत मीठ घालावे. शिखर ओलांडलेल्या माणसाला ती अजून मीठ घालायला सांगते. आणि तो घालतोही.

शिखर कुठे येईल हे मालावर ठरतं. सीएपीबी आणि सीडीईए असलेल्या लिक्विडमध्ये ते साधारण १ ते ३ टक्के मिठाच्या दरम्यान सापडतं, म्हणजे १० लिटरला १०० ते ३०० ग्रॅम. त्यातलं काही आधीच आत असतं: बाजारातल्या सीएपीबीत ५-६ टक्के मीठ असतंच, त्यामुळे ३०० ग्रॅम सीएपीबीबरोबर १५-१८ ग्रॅम मीठ गुपचूप आलेलं असतं. पट्टा एवढा रुंद असताना आकडा चिठ्ठीतून घेण्यात अर्थ नाही, पेल्यात काढावा. २५ ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवून एकूण १०० मिली करा. तयार, अजून मीठ न घातलेल्या लिक्विडमधून १०० मिली पेल्यात घ्या. सुई नसलेल्या ५ मिलीच्या सिरिंजनं मिठाचं पाणी १-१ मिली घाला, दरवेळी हलक्या हातानं ढवळा, बुडबुडे बसू द्या, चमचा उचलून धार बघा. पेल्यातला १ मिली म्हणजे १० लिटरला १०० मिली मिठाचं पाणी, अर्थात २५ ग्रॅम मीठ. घट्टपणा वाढायचा थांबला तो मिलीचा आकडा लिहून ठेवा, आणि बादलीत त्याच्या दोनतृतीयांशच घाला. शिखरावर नेऊन ठेवलेलं लिक्विड जरा थंडी पडली, जरा वास जास्त पडला की पलीकडे घरंगळतं.

कोरडं मीठ मुठीनं बादलीत टाकू नये. जिथे पडतं तिथे क्षणभर मिठाचा मारा होऊन पांढरे धागे, गोळे तयार होतात. मीठ कुठलं, यानंही फरक पडतो. उरण-पेणच्या मिठागरांतलं खडेमीठ स्वयंपाकाला उत्तम, पण त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि बारीक माती येते. मोकळं सांडणाऱ्या आयोडीनच्या मिठात गाठी होऊ नयेत म्हणून घातलेली पूड पाण्यात विरघळत नाही, हलकी झाक राहते. दोन्ही चालतात, फक्त मिठाचं पाणी रात्रभर ठेवून वरची निवळ तेवढी घ्यायची.

लिक्विड आधीच पातळ झालं असेल आणि कळत नसेल की मीठ कमी पडलं की जास्त, तर दोन पेले घ्या, प्रत्येकात १०० मिली लिक्विड. एकात १० मिली साधं पाणी, दुसऱ्यात १ मिली मिठाचं पाणी. पाणी घातलेला पेला घट्ट झाला तर मीठ जास्त आहे. मीठ घातलेला घट्ट झाला तर कमी आहे. दोन्ही पातळ झाले तर तुम्ही शिखरावरच आहात आणि मूळ मालच कमी आहे. मग पेस्ट वाढवायची किंवा युरिया घालत असाल तर तो कमी करायचा, मीठ नाही. ‘पाणी घातल्यावर घट्ट होतं’ हे दुकानात सांगितलं तर हसतील. करून दाखवा.

चौथी जागा वासाची. लिंबाचा वास म्हणजे तेल, आणि तेल पाण्यात सुटं टाकलं की गढूळ दिसणारच. २० मिली वास आधी १०० ग्रॅम सीडीईएत नीट एकजीव करून मग बादलीत सोडला तर बहुतेक वेळा स्वच्छ बसतो. अगरबत्तीचा किंवा फिनेलचा वास घेऊ नये; तो ज्या पातळ तेलात कालवलेला असतो ते इथे विरघळत नाही. दुकानात ‘वॉटर सोल्युबल’ मागावा. वासामुळे घट्टपणाही खाली-वर होतो, म्हणून क्रम असा: पाणी, ईडीटीए, पेस्ट, एओएस, सीएपीबी, वास कालवलेली सीडीईए, टिकवणारं रसायन, रंग, आणि मीठ सगळ्यात शेवटी. बऱ्याच चिठ्ठ्यांत मीठ मधेच येतं आणि वास शेवटी. तेवढ्यानंही घडी विस्कटते.

सीडीईएबद्दल एक गोष्ट दुकानात सांगत नाहीत. आयएआरसी या कर्करोगावर काम करणाऱ्या जागतिक संस्थेनं तिला २बी गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवू शकण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत ठेवलं आहे. ज्यांना नको असेल त्यांनी ती वगळून सीएपीबी ३०० वरून ५०० ग्रॅम करावी. घट्टपणा येतो, वास मात्र त्या सीएपीबीतच आधी कालवावा लागतो आणि कमी घालावा लागतो.

तिसरा प्रकार तयार जेलचा: १ किलो घट्ट जेल, त्यात ‘फक्त पाणी घाला’. काटा नाही, पट्टी नाही, वेळ नाही अशांसाठी ठीक. पण ‘१ किलोत १० लिटर’ म्हणणाऱ्या पाकिटाचा हिशोब मनात मांडून बघा. जेल अगदी ७० टक्क्यांची पेस्ट धरली तरी १० लिटरला ७ टक्के भरतं, आणि वास, रंग, मीठ घातलेली जेल तेवढी असणं शक्य नाही. पाणी वाढवलं की घट्टपणा त्या प्रमाणात कमी होत नाही, धाडकन कोसळतो. म्हणून काही पाकिटांबरोबर वेगळी घट्ट करायची पूड देतात. ती सीएमसी किंवा ग्वार गम असेल तर लिक्विड जाड होतं, पण झाक येते, आणि पूड थेट टाकली तर माशाच्या डोळ्यांसारखे गोळे राहतात. झँथन गम शेंबडासारखी तार धरतो. कार्बोपॉल असेल तर त्याचा घट्टपणा मिठानं मोडतोच, आणि या जेलमध्ये मीठ आधीच असतं. या पुडीनं भांडं जास्त निघत नाही, फक्त हाताला माल जड लागतो. ५ लिटरच्या वर पाणी घालू नये, एवढं पाळलं तर हे किट वाईट नाही.

आता गढूळ झालेली बादली समोर असेल तर. आधी एक दिवस थांबा. ढवळताना शिरलेली हवाच पुष्कळदा दुधासारखी दिसते आणि १२ ते २४ तासांत वर येऊन निघून जाते. मग काचेच्या बाटलीत भरून मागे वर्तमानपत्र धरा. अक्षरं पुसट दिसत असतील तर बाटली ३५-४० अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा. स्वच्छ झालं, तर दोष थंडीचा. निफाडला पारा एक आकड्यावर येतो त्या दिवसांत स्लरीची लिक्विडं सकाळी दुधाळ आणि दुपारी पारदर्शक असतात. उपाय म्हणजे १ टक्का युरिया किंवा २ टक्के प्रोपिलीन ग्लायकॉल, थोडा घट्टपणा गेला तरी. तळाशी काचेसारख्या सुया दिसत असतील तर ते सोडियम सल्फेट असू शकतं. २० अंशांना १०० मिली साध्या पाण्यात त्याचे १९ ग्रॅमच्या आसपास मावतात, शून्याला ५ ग्रॅमही नाहीत, म्हणून थंडीत ते बाहेर पडू शकतं. त्यावर पाणी वाढवण्याखेरीज फारसा इलाज नाही.

कोमट करूनही स्वच्छ झालं नाही तर साका कुठे आहे ते बघा. तळाशी कापसासारखा पांढरा साका: जड पाणी. निवळ वरून काढून घ्या, पुढच्या वेळी पाणी बदला. वर तेलकट कडं: वास. थोडी सीएपीबी घालून हळू ढवळलं की बरेचदा जातं. दोन थर, वरचा घट्ट आणि खालचा पाण्यासारखा: मिठाचा अतिरेक. यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे त्याच प्रमाणातलं बिनमिठाचं लिक्विड करून अर्धं-अर्धं मिसळणं. साधं पाणी ५-१० टक्क्यांपर्यंतच चालतं, पुढे माल पातळ पडतो. युरिया घातल्यावर पिवळट तवंग आणि कडवट वास आला असेल तर तो शेतीचा युरिया आहे. २०१५ पासून देशात खताच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. तो लेप लिक्विडमध्ये उतरतो. किटमध्ये टेक्निकल ग्रेड, म्हणजे कारखान्यांसाठीचा बिनलेपाचा युरिया हवा, आणि खताचा युरिया असा वापरणं कायद्यातही बसत नाही.

कुजका वास, नासल्यासारखी तार, रोज थोडं जास्त पातळ: जंतू. अशी बादली वाचवू नये, ओतून द्यावी. कारण बहुतेकदा सोडियम बेंझोएट. स्वस्त किटांत तोच मिळतो, पण तो काम करतो पीएच ५ च्या खाली, ७.५ च्या लिक्विडमध्ये तो नुसता पडून राहतो. आयसोथायझोलिनोन जातीचं रसायन मागावं, पाकिटावरच्या प्रमाणातच घालावं, जास्त झालं तर कातडीला खाज येते. लिंबाचा रस, रिठ्याचं पाणी, घरचं बायोएन्झाइम (फळांच्या साली गुळात आंबवून केलेलं पाणी) यांतलं काहीही या लिक्विडमध्ये मिसळू नये. रिठा गढूळ करतो आणि नासतो. बायोएन्झाइम इतकं आंबट असतं की एसएलईएस त्यात टिकत नाही. वापरायचंच असेल तर वेगळ्या बाटलीत ठेवून त्या त्या वेळी भांड्यावर घ्यावं.

रंगाबद्दल एवढंच, की १० लिटरला चिमूटभर पुरतो. गडद हिरवं किंवा गडद पिवळं लिक्विड विकत देणारे पुष्कळदा गढूळपणा झाकत असतात. किट घेताना दुकानात नमुन्याची बाटली असेल तर ती उजेडाकडे धरून बघावी.

दुकानात विचारायचे प्रश्न तीन. स्लरी ९० ची की ९६ ची? पेस्ट ७० ची की २८ ची? टिकवायला काय घातलं आहे? पहिल्या दोन प्रश्नांना आकड्यात उत्तर देणाऱ्या दुकानाचं किट दहा-वीस रुपये महाग असलं तरी घ्यावं. ‘सगळं सेमच असतं’ म्हणणाऱ्याकडून बाटल्या आणि झाकणं घ्यावीत, तिथे त्याचा माल चांगला असू शकतो. किटमधलं मीठ मात्र कुठल्याही दुकानाचं असो, पुडी न फोडता बाजूला ठेवावी आणि पेल्यातला आकडा निघाल्यावरच उघडावी.